खाटेवरच्या माणसाला विचारलंत का?

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. विट्याजवळचं गाव. तुमचे सासरे, वय 68, जिभेचा कॅन्सर, मानेत गाठी उतरलेल्या. मिरजेत रेडिएशन झालं, केमो झाली आणि आता डॉक्टर म्हणतात, “घरी न्या, सेवा करा.” नाकात रायल्स ट्यूब आहे, म्हणजे पोटात अन्न-पाणी सोडायची नळी. रात्रभर कण्हतात. मोठे दीर गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात कोइमतूरला, ते फोनवरून सांगतात, आयसीयूत ठेवा, पैशाचं मी बघतो. मामंजींना आजाराचं नाव कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंय की हॉस्पिसमध्ये ठेवावं का, मॉर्फिन हे जबर वेदनेवरचं औषध गावात कुणी देत नाही म्हणजे ते बेकायदा आहे का, घरीच गेले तर पोलिसांचं काही होतं का, आणि या अवस्थेत माणसाला हक्क म्हणून काही उरतात का. खाली एक ओळ वेगळी लिहिली आहे: रात्री चहा मागतात, द्यावा का?

मी नर्स आहे. मिरजेत कॅन्सर वॉर्डात 15 वर्षं काढली, त्यानंतर सांगली-सातारा पट्ट्यात घरोघरी जाऊन अशाच रुग्णांचं बघते. वकील नाही, पण कागदांशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे कायद्याचं जे कामापुरतं कळलंय ते सांगते.

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. दिरांचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, शेजारच्या आप्पांनीही काहीतरी सांगितलंय. मामंजींचं म्हणून फक्त चहाचं वाक्य आहे. माझं सगळं उत्तर त्याच एका वाक्याभोवती आहे. तुम्ही विचारलेले हक्क मामंजींचे आहेत. तुमचे नाहीत, दिरांचे नाहीत, पैसे भरणाऱ्याचेही नाहीत.

हॉस्पिसचं आधी उरकते. लोकांच्या डोळ्यांसमोर एक इमारत येते, जिथे माणूस मरायला नेऊन ठेवतात. तशा जागा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं ते पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून चालतं, तिथे रुग्णाला पैसे पडत नाहीत आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवून परत पाठवतात. पण हॉस्पिस ही मुळात सेवेची पद्धत आहे. दुखणं, धाप, उलटी, जखम, झोप, भीती यांवर उपचार करायचे आणि आजाराच्या मागे धावणं थांबवायचं. हे घरच्या खाटेवरही होतं. आपल्याकडे बहुतेकांचं घरीच होतं. इंटरनेटवर ‘दोन डॉक्टरांनी 6 महिने आयुष्य उरलंय असं लिहून दिल्याशिवाय हॉस्पिस मिळत नाही’ असं वाचाल, तो अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याचा नियम आहे. आपल्याकडे तशी अट नाही. दुखतंय एवढं कारण पुरे.

आता रात्रीच्या कण्हण्याकडे येते, कारण बाकीचे सगळे हक्क त्यानंतरचे. ज्याचा जबडा ठणकतोय त्याला जमीन सुचत नाही, नातू सुचत नाही, देवही सुचत नाही.

कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनं त्या 1986 मध्ये मांडल्या. साध्या गोळीनं भागलं नाही तर मधली, तीही पुरेना झाली तर मॉर्फिन. आपल्याकडे घोडं अडतं ते शेवटच्या पायरीवर. 1985 चा एनडीपीएस कायदा आला अमली पदार्थांचा व्यापार रोखायला, पण त्याचा धसका असा बसला की दवाखान्यांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडून दिलं. एका गोळीपायी चार-पाच परवाने कोण काढणार? 2014 मध्ये संसदेनं त्या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही 6 औषधं अत्यावश्यक मानली गेली. राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला आता ती एकाच परवानगीवर ठेवता येतात. म्हणून तुमच्या गावचा मेडिकलवाला देत नाही यात त्याची चूक नाही. पण औषध बेकायदा नाही. ते योग्य दारात मागायचं.

योग्य दार म्हणजे मोठं कॅन्सर रुग्णालय किंवा जिथे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या सेवेची ओपीडी आहे ते ठिकाण. गाडी करून निघण्याआधी फोन करा आणि एकच विचारा: “तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, आणि कुठल्या दिवशी मिळतात?” गोलमोल उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. सरकारी बाजूला राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम 2012 पासून आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानं स्वतःचं धोरणही केलं, केरळचं 2008 मध्येच झालं होतं. गावपातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिराच्या 12 सेवांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. म्हणजे तुमच्या उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) आणि आशाताईंना ‘आमच्या घरी असा रुग्ण आहे, येऊन बघा’ असं सांगायला तुम्ही मोकळ्या आहात. त्यांना यातलं किती येतं हा भाग वेगळा. ड्रेसिंग, बीपी, ट्यूब तपासणं एवढं झालं तरी तुमची विट्याची एक फेरी वाचते.

मॉर्फिन घेताना काय होतं ते सांगते, नाहीतर तिसऱ्या दिवशी घाबरून बंद कराल. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, कधी मळमळतं. हे ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहून मागा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. साधी गोळी दर चार तासांनी असते, दुखायची वाट न बघता घड्याळ लावून. मध्येच असह्य झालं तर जास्तीची कधी आणि किती, हे आधीच लिहून घ्या. मामंजींना ट्यूब आहे, तर साधी गोळी बारीक करून पाण्यातून ट्यूबवाटे देता येते. पण पाकिटावर एसआर असं लिहिलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कधीही कुटायची नाही, अर्ध्या दिवसाचं औषध एकदम अंगात जातं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोस मी इथे लिहिणार नाही, तो माणूस बघूनच ठरतो.

व्यसन लागेल ही भीती आजवर प्रत्येक घरात ऐकली. दुखण्यासाठी मोजून दिलेलं मॉर्फिन आणि नशेसाठी घेतलेलं, यांत फरक आहे. अचानक बंद केलं तर अंगाला त्रास होतो, म्हणून ते हळूहळू कमी करतात, एवढंच. दुसरी भीती: “मॉर्फिन चालू केलं म्हणजे आता संपलं.” नाही. माझे काही रुग्ण मॉर्फिनवर दोन-दोन वर्षं जगले, द्राक्षाच्या बागेत खुर्ची टाकून बसायचे. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा, उरल्या तर जिथून आणल्या तिथे परत द्या.

आता न सांगण्याचं.

वाळवा तालुक्यातले एक आजोबा होते, तरुणपणी कुंडलच्या मैदानात कुस्त्या केलेले. लिव्हरचा कॅन्सर. मुलानं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि दबक्या आवाजात बजावलं, “सिस्टर, त्यास्नी कावीळ सांगितलीया. तुमी काय बोलू नगा.” आत गेले, बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला. एके काळचा तो दंड, पट्टा दोन वेढे जास्त जात होता. आजोबा छताकडे बघत म्हणाले, “सिस्टर, कारखान्याची तोड यायच्या आत जातुय का मी?” मी विचारलं, “आजोबा, तुम्हाला काय वाटतंय?” तर म्हणाले, “गाठ हाय. मला ठावं हाय. उसाची नोंद थोरल्याच्या नावावर हाय, धाकट्याचं काय ते सांगून जायाला पायजे. पर पोरास्नी सांगू नगा मला कळलंय म्हून. भित्यात ती.”

पोरं बापापासून लपवत होती आणि बाप पोरांपासून. मधे मी आणि माझा बीपीचा पट्टा.

कायद्याच्या भाषेत आपल्या आजाराची, उपचारांची आणि संभाव्य परिणामांची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो पहिल्याच रांगेत आहे, आणि केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2019 मध्ये ती सनद राज्यांना लागू करायला सांगितली. पण याचा अर्थ मामंजींच्या तोंडावर ‘कॅन्सर’ शब्द फेकायचा असा नाही. काहींना जाणून घ्यायचं नसतं, तोही त्यांचाच हक्क. आधी त्यांना किती कळलंय आणि किती ऐकायचंय ते विचारा. “मामंजी, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगू का, की यांच्याशीच बोलू दे?” एवढं वाक्य पुरतं. ते म्हणाले ‘तूच बघ’, तर विषय संपला. म्हणाले ‘सांग’, तर खोटं बोलू नका. तुम्हाला जमणार नसेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, आणि त्या वेळी खोलीत बसा.

जिभेच्या दुखण्यामुळे बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल द्या. माझ्या पिशवीत नातवंडांची असते तशी पाटी कायम असते.

दिरांच्या आयसीयूकडे येते. लांब राहणाऱ्या मुलाचं मी समजू शकते. खानापूर-आटपाडी भागातली निम्मी तरणी पोरं सोनं गाळायला देशभर पांगलेली, बापाच्या आजारपणात पैसा पाठवण्याखेरीज हातात काही नसतं. आयसीयूचं बिल म्हणजे त्यांच्या मनाचं समाधान असतं. त्यांच्याशी भांडू नका. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घ्या, मोबाइलवर त्यांना समोर बसवा आणि डॉक्टरांना विचारायला लावा: आयसीयूत नेल्यानं आजारात काय फरक पडेल? व्हेंटिलेटर लावला तर तो निघण्याची शक्यता किती? उत्तर त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून जाऊ दे.

निर्णय मात्र मामंजींचा. शुद्धीवर असलेल्या, कळत्या प्रौढ माणसानं एखादा उपचार नको म्हटलं की तो नको. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं 9 मार्च 2018 रोजी, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर, सन्मानानं मरण येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हल्ल्यानंतर अचेत अवस्थेत पडून राहिलेल्या, मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये त्या दिशेनं पहिलं पाऊल पडलं होतं. नर्स म्हणून तो निकाल मी जरा वेगळ्या मनानं वाचला, कारण त्यांना चाळीसहून अधिक वर्षं सांभाळलं ते त्यांच्याच वॉर्डातल्या नर्सेसनी. एक घोळ कायम होतो म्हणून सांगते: कृत्रिम आधार न लावणं किंवा काढणं याला न्यायालयानं रीतसर मुभा दिली आहे. इंजेक्शन देऊन जीव संपवणं आपल्याकडे गुन्हाच आहे, कुणी कितीही हात जोडले तरी.

पुढे शुद्ध हरपली तर काय, यासाठी इच्छापत्र करता येतं. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. 2018 मध्ये त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांचं साक्षांकन पुरतं. कोणत्या अवस्थेत काय करायचं नाही, हे स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचं नाव घालायचं, एकाहून जास्त नावंही चालतात. एक प्रत त्या माणसाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. मात्र शुद्धीवर नसलेल्या रुग्णाचा आधार काढायचा असेल तर इच्छापत्र असलं तरी दोन वैद्यकीय मंडळांचं मत लागतं. प्रत्येकात किमान 3 डॉक्टर, आणि शक्यतो 48 तासांत निर्णय. मग रुग्णालय दंडाधिकाऱ्यांना कळवतं. हे सगळं आयसीयूत शिरल्यानंतरचं रामायण. मामंजी आज पाटीवर लिहू शकतात, तोवर विचारून घेतलं तर कदाचित तिथवर जावंच लागणार नाही.

कागदाचं एक फार महत्त्वाचं. घरी नेताना पुष्कळ ठिकाणी एका छापील कागदावर सही घेतात: ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत.’ डॉक्टर स्वतःच घरी न्या म्हणत असतील तर ती सही करू नका. नम्रपणे म्हणा, “साहेब, तुम्हीच सांगितलंय ना, मग तसंच लिहून द्या.” डिस्चार्ज कार्डावर निदान, झालेले उपचार, आता फक्त त्रास कमी करणारे उपचार चालू ठेवायचे आहेत असा स्पष्ट शेरा, औषधं, आणि त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा, एवढं हवं. हे कार्ड हातात नसलं की रात्री दोनला धाप लागल्यावर पोहोचलेल्या दवाखान्यातला नवखा डॉक्टर त्याला जे येतं तेच करतो, छाती दाबतो आणि नळी घालतो. एका रुग्णालयानं माझ्या एका रुग्णाच्या मुलीला बिल पूर्ण भरेपर्यंत फाइलची झेरॉक्स दिली नव्हती. तिला नियम माहीत नव्हता: 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्याच लागतात. बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही सनदेत आहे. महाराष्ट्रात जानेवारी 2021 पासून नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे बघा, आणि नसेल तर काउंटरवर ‘सनद कुठंय?’ एवढंच विचारा. तक्रार करायची वेळ आलीच तर सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाहेर असाल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात. पण खरं सांगू? या काळात तक्रारीत शक्ती घालवू नका. कागद जपून ठेवा, पुढे बघता येतं.

सलाईनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. मामंजी खायचे-प्यायचे कमी झाले की गावातून माणसं येतील आणि म्हणतील, “उपाशी मारताय व्हय रं म्हाताऱ्याला? एक बाटली तरी लावा.” सुरुवातीच्या वर्षांत मीही लावायचे, घरच्यांच्या समाधानासाठी. साताऱ्याजवळ एका आजींना शेवटच्या आठवड्यात रोज दोन बाटल्या दिल्या. पाय सुजले, छातीत पाणी झालं, आणि शेवटचे दोन दिवस घशातून नुसती घरघर. ती घरघर माझ्या बाटल्यांनी वाढवली होती, आणि त्या आजींनी एकदाही पाणी मागितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंही नव्हतं. शेवटी शरीरच अन्नपाणी मागायचं थांबवतं. तोंड कोरडं पडतं त्यावर इलाज बाटली नाही. स्वच्छ ओल्या कापडानं दर दोन तासांनी तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं.

वास आणि जागा यावर थोडं थांबते, कारण कायद्यात नसलेला हा हक्क मी सगळ्यांत जास्त वेळा मोडलेला पाहिला. कोरेगावच्या बाजूला एक मावशी होत्या, उभा जन्म मिश्री लावलेली, गालाला भोक पडून जखम बाहेर आलेली. वासामुळे घरच्यांनी खाट मागच्या खोलीत, वैरणीशेजारी टाकली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. कॅन्सर लागट नसतो हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारून जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड रोज टाकायला सुरुवात केली, मिठाच्या पाण्यानं धुऊन. चार-पाच दिवसांत वास उतरला. मावशींनी मागितलं काय, तर खाट सोप्यात न्या, येणारं-जाणारं दिसू दे. नेली. तिथून त्या सुनेला भाजी निवडताना सूचना करायच्या, खुणांनी. मामंजींची खाट कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. बघा जरा.

आणि अंगठा. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. गुंगीत असलेल्या माणसाचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवताना मी स्वतः पाहिलंय. घरातलेच होते. मामंजींना जमिनीचं काही ठरवायचं असेल तर ते शुद्धीवर, दुखणं आटोक्यात असताना ठरवू द्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. डॉक्टरांचा ‘शुद्धीवर आहेत, समजून सही करत आहेत’ असा दाखला जोडला तर पुढे वाद कमी होतात. नोंदणी करायचीच असेल आणि रुग्ण उठू शकत नसेल तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, तशी सोय नोंदणी कायद्यात आहे. कुणी घाईनं कोरा कागद पुढे केला तर तुम्ही सून असलात तरी मध्ये पडा.

घरी मृत्यू झाला तर पोलीस येत नाहीत. आजारानं, अपेक्षित असलेल्या मृत्यूला पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी बघितलं त्यांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, आणि तो विनाशुल्क. म्हणून गावातल्या किंवा विट्यातल्या एका डॉक्टरांना आत्तापासून घरी आणून मामंजींना दाखवून ठेवा, डिस्चार्ज कार्डाची प्रत त्यांना द्या. न बघितलेल्या माणसाचा दाखला रात्री तीन वाजता कुणीही देणार नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. ग्रामपंचायतीत नोंद 21 दिवसांच्या आत करा, उशीर झाला की हेलपाटे वाढतात.

तुमच्याबद्दल एकच. रात्रीची पाळी लावा. तुमचे यजमान, दीर आले की दीर, चुलत भाऊ कुणीही. ट्यूबमधून पाणी सोडणं आणि कूस बदलणं हे बायकांनीच करायचं असं कुठल्याही सनदेत लिहिलेलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि एकटीनं ते आठवडाभरसुद्धा निभत नाही.

आता चहा.

ट्यूब घातल्यावर ‘तोंडानं काही देऊ नका’ असं सांगितलेलं असेल. ते बरोबर आहे, ठसका लागून छातीत जाण्याचा धोका असतो. पण बरं होण्याची आशा होती तेव्हाचा तो हिशोब होता. आता मामंजींना तो धोका समजावून सांगा: “ठसका लागू शकतो, छाती भरू शकते. तरी हवाय का?” ते हो म्हणाले तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि द्या. पोटभर नव्हे, चवीपुरता. पूर्ण बसवून, पाठीला उशी लावून, हनुवटी जरा खाली झुकवून. चहा कोमट करा, तोंडातल्या जखमांना गरम लागतं. बिस्कीट कुस्करून थोडा दाट केला तर ठसका कमी लागतो. चमचा अर्धाच भरायचा, गिळल्याचं बघून दुसरा. खोकला आला की थांबायचं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. साखर किती घालायची ते त्यांनाच विचारा.